शॉकर बदलायचे की नाही

पाऊस ओसरला की ग्वाल्हेरचे रस्ते खरे दिसायला लागतात. श्रावणभर खड्ड्यांत पाणी असतं, त्यामुळे खोली कळत नाही; गाडी आदळली की माणूस पावसाला शिव्या देतो आणि पुढे जातो. गणपती येईतो पाणी आटतं, ऊन कडक होतं आणि रस्ता उघडा पडतो. सुटी झालेली गिट्टी, कडा तुटलेलं डांबर, मधूनच वर आलेलं गटाराचं झाकण. (खडीला आम्ही इकडचे मराठी लोक गिट्टीच म्हणतो. पुण्याची भावंडं हसतात. हसू देत.) मग धूळ उठते. पहिले दोन दिवस तिला ओल्या मातीचा वास असतो, नंतर ती फक्त दातांत येते. ह्या दिवसांना पंचांगात नाव नाही. मी त्यांना खड्ड्यांचे दिवस म्हणते, आणि ते आले की माझं डोकं फिरतं.

यंदाही फिरलंय. आज सकाळी बँकेत निघाले होते. नाल्याजवळच्या त्या खड्ड्यातून गाडी गेली आणि मला फारसं काही लागलंच नाही. चाक खाली गेलं, वर आलं, संपलं. चाकांवरचे शॉकर, म्हणजे शॉक-अब्सॉर्बर, छान काम करतायत. तेच मला सहन झालं नाही. गाडी बाजूला घेऊन मी स्टीअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिले. मागून एक स्कूटरवाले काका थांबले. ‘‘क्या हुआ बेटा, गाड़ी बंद हो गई?’’ मी मान हलवली. त्यांना काय सांगणार? गाडी उत्तम चाललीय म्हणून संताप आलाय?

गेल्या वर्षी ह्या दिवसांत माझ्या शेजारच्या सीटवर बाबा असायचे. माघात ते गेले.

दर्पण कॉलनीतल्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, दादा पुण्याला, आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. सरकारी नोकरीत सगळा जन्म रस्ते करण्यात गेलेला. ओव्हरसियर म्हणून लागले आणि एक पायरी वर चढून निवृत्त झाले. त्यांच्या मणक्यात गाठ निघाली ती गेल्या आषाढात. मूळ दुखणं दुसरीकडचं होतं, ते हाडात उतरलं होतं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं की बरं होणार नाही, पण मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर दुखणं उतरेल. पंधरा वेळा. रविवार सोडून रोज. इथे त्याला सगळे ‘सिकाई’ म्हणतात, जणू गरम पाण्याची पिशवी ठेवायची आहे.

‘‘बस, झटके मत लगने दीजिए,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हड्डी कमज़ोर है.’’

हे वाक्य त्यांनी ग्वाल्हेरात बसून म्हटलं. दवाखाना सिटी सेंटरच्या पलीकडे, आम्ही दर्पण कॉलनीत, मधला रस्ता आधी पाइपसाठी खोदलेला, मग पावसाने धुतलेला. झटके मत लगने दीजिए. मी हसलेही नाही.

आमची गाडी लहान, पांढरी, अकरा वर्षांची. मी माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू. तोवर ती मला आवडायची. तिच्यात माझ्या छत्रीचा, बँकेच्या फायलींचा आणि मागच्या काचेशी पडून असलेल्या संत्र्याच्या सालींचा एक वास होता. पहिल्या दिवशी बाबांना घेऊन निघाले आणि कॉलनीच्या तोंडाशीच डावं चाक खड्ड्यात गेलं. खालून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, कुणी दगडावर दगड मारावा तसा. बाबांच्या तोंडून आवाज आला तो ‘हं’ असा. एवढाच. ते आयुष्यात कधी ओरडले नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. पण त्या ‘हं’मध्ये श्वास मध्येच तुटल्याचं कळत होतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी एक युक्ती काढली होती. खड्डा दिसला की दारावरचं हँडल एका हाताने धरायचं, दुसरा हात सीटवर रेटायचा आणि स्वतःला बोटभर वर उचलायचं. कमरेला पट्टा, कपाळावर घाम, आणि हा माणूस हातांच्या जोरावर स्वतःला अधांतरी धरतोय. कशासाठी? शहराच्या रस्त्यावरून दवाखान्यात जाण्यासाठी. मी पाहायची. वाटायचं, उतरावं आणि कुणाला तरी धरून बदडावं. पण रस्त्यावर तर कुणीच नसतं. रस्ता असतो, आणि तुमच्यासारखीच आदळत जाणारी माणसं.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. बँकेत, कॉलनीत, दवाखान्याच्या बाकावर. गंमत म्हणजे रस्त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं, सगळे गाडीबद्दल बोलत होते. शॉकर बदलून टाका. टायर मोठे घाला. उशी ठेवा, रबरी ट्यूब ठेवा. दादाचा फोन रोज संध्याकाळी.

‘‘वसू, अगं गाडीच बदल ना. उंच गाडी घे. मी लिंक पाठवलीय, बघितलीस?’’

‘‘दादा, उद्या अकराला सिकाई आहे. मी आज गाडी घेऊ?’’

‘‘मग निदान सस्पेंशन अपग्रेड करून घे. सध्या किट मिळतात. मी एक व्हिडिओ पाठवतो.’’

व्हिडिओ आला. त्यात एक तरुण माणूस आमच्यासारखीच लहान गाडी डोंगरातून उडवत नेत होता. मी फोन पलंगावर आपटला. दादावर रागावण्यात अर्थ नव्हता, तो लांब होता आणि त्याला अपराधी वाटत होतं. तरी रागावले. ज्याला शेजारी बसून ते ‘हं’ ऐकावं लागत नाही, त्याने व्हिडिओ पाठवू नये.

तरीही दुसऱ्याच दिवशी, बाबा आत मशीनखाली असताना, मी सिटी सेंटरमधल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस फार उत्साही होता. त्याने खोक्यातून चकचकीत लाल स्प्रिंगा काढल्या, गॅसचे शॉकर काढले, गाडी उंच करणारे जाड रबर दाखवले.

‘‘मैडम, पूरी किट डलवा लीजिए. गाड़ी पहचान में नहीं आएगी. गड्ढा दिखेगा, लगेगा नहीं.’’

‘‘पेशंट बैठते हैं इसमें. रीढ़ का दर्द है.’’

‘‘अरे, मक्खन चलेगी मैडम!’’

त्याचं म्हणणं खरं वाटावं, अशी माझीच इच्छा होती. जवळजवळ वाटलंही. माझ्या गाडीच्या मापाची किट मागवली तर दिल्लीहून चार दिवसांत येणार होती. मी फक्त एवढंच म्हटलं की मेकॅनिकला विचारून सांगते.

माझे मेकॅनिक इक्बालभाई, हरिशंकरपुरमच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज. पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. शनिवारी दुपारी मी बाबांना घरी सोडून त्यांच्याकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी गाडीचा डावा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी तीनदा डोलली. मग ते वाकून चाकामागे बघून म्हणाले, ‘‘शॉकर तेल छोड़ चुके हैं, दीदी. बुश भी गए. ये आवाज़ लोहे पर लोहे की है.’’

मी किटचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग एक अशी गोष्ट केली जी आजवर माझ्यासाठी कुणा मेकॅनिकने केली नव्हती. हात पुसले, पुढचं डावं दार उघडलं आणि बाबांच्या सीटवर बसले.

‘‘बाबूजी यहीं बैठते हैं न? चलाइए. जिस रास्ते ले जाती हैं, उसी रास्ते.’’

मी चालवली. त्यांनी सीटबेल्ट लावला, पाठ बाबांसारखी ताठ ठेवली आणि डोळे मिटून घेतले. नाल्याजवळचा खड्डा आला तेव्हा त्यांचाही हात वर हँडलकडे गेला. गॅरेजपाशी उतरून म्हणाले, ‘‘मेरी कमर में तो कुछ नहीं है दीदी, फिर भी लगा.’’ मग त्यांनी नीट समजावलं. त्या किटच्या स्प्रिंगा कडक असतात. वेगात, मोठ्या खड्ड्यात गाडी खाली आपटत नाही, हे खरं. पण आपण चालवणार ताशी पंधराने, आणि अशा हळू चालीत बारीकबारीक गिट्टी, कडा, भेगा, सगळं कडक स्प्रिंग सरळ सीटपर्यंत पोचवते. तरुणाला मजा येईल, बाबूजींना प्रत्येक खडा लागेल. त्यापेक्षा कंपनीचेच साधे नरम शॉकर नवे घालू, झिजलेले रबरी बुश बदलू, टायरमधली हवा थोडी कमी ठेवू. उद्या रविवार आहे, उद्या संध्याकाळपर्यंत देतो.

‘‘आराम हो जाएगा?’’ मी विचारलं.

‘‘कम लगेगा,’’ ते म्हणाले. ‘‘झूठ नहीं बोलूँगा. गाड़ी गड्ढा भर नहीं सकती.’’

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते चक्क नाही म्हणाले. पलंगावर कुशीवर पडले होते, पट्टा सोडलेला.

‘‘गाडीला काही करू नकोस, वसू.’’

‘‘का?’’

‘‘मोडलाय रस्ता. तू दुरुस्त काय करतेयस? गाडी.’’

‘‘मग काय करू बाबा? रस्ता दुरुस्त करू? फावडं घेऊन जाऊ? हेल्पलाइनवर चार वेळा तक्रार केली. चारही वेळा मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे! फोटोसुद्धा लावला होता, दुसऱ्याच कुठल्या रस्त्याचा!’’

‘‘ओरडू नकोस.’’

‘‘ओरडणार! तुम्ही ओरडत नाही म्हणून मी ओरडणार. रोज शेजारी बसून ऐकते मी. तुम्हाला तत्त्व सुचतंय, मला तुमची पाठ दिसतेय.’’

त्यांनी कूस वळवली. खिडकीतून शेजारच्या घरातल्या आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘बदल. तुला बरं वाटणार असेल तर बदल.’’

मला ते वाक्य फार लागलं. पण शॉकर बदलले.

सोमवारी सकाळी निघालो. कॉलनीच्या तोंडाशी चाक खाली गेलं आणि तो दगडावर दगडाचा आवाज आला नाही. मऊ, दबका ‘धप’ आला, पीठ भरलेला डबा जमिनीवर ठेवावा तसा. बाबांनी हँडल धरलं होतं. अर्ध्या रस्त्यात हँडलवरचा हात त्यांनी मांडीवर आणून ठेवला. मी काचेतून समोर बघत राहिले, डोळे भरले होते म्हणून. त्या सकाळी कास गवताचे पांढरे तुरे नाल्याच्या काठावर हलत होते, ऊन अजून चावत नव्हतं, आणि दूर किल्ल्याची कडा इतकी स्वच्छ दिसत होती की हात लावावा. पंधरा दिवसांतली तेवढी एक सकाळ मला राग न येता आठवते.

नाल्याजवळचा खड्डा मात्र शॉकरला दाद देत नव्हता. तिथे नुसता खड्डा नव्हता, रस्त्याचा सगळा पट्टाच खाली बसलेला होता. गाडी आधी एका बाजूला कलायची, मग आदळायची. दर वर्षी त्याच्यावर डांबर पडायचं आणि दर वर्षी तो परत बसायचा. मी कॉलेजात असल्यापासून तो तिथे आहे. आम्हाला तो इतका सवयीचा होता की त्याचं काही कारण असेल असंही कधी वाटलं नव्हतं.

नवव्या सिकाईच्या दिवशी तिथे माणसं काम करताना दिसली. मी खूश झाले, अगदी वेड्यासारखी. जवळ गेलो तर एक ट्रॉली उभी होती आणि तिच्यातून कुठल्याशा पाडलेल्या घराचा मलबा खड्ड्यात ओतणं चाललं होतं. विटांचे तुकडे, प्लास्टर, एक तुटकी निळी फरशी. ठेकेदाराचा माणूस, पस्तीस-चाळिशीचा, बाजूला फोनवर बोलत होता. मी गाडी रस्त्यातच थांबवली आणि उतरले.

‘‘ये क्या डाल रहे हैं आप?’’

‘‘गड्ढा भर रहे हैं मैडम.’’

‘‘मलबे से? ये दो दिन में निकल जाएगा! इस रास्ते से मरीज़ जाते हैं!’’

‘‘तो मैडम, जो ऊपर से आया है वही डालेंगे न. शिकायत ऑफिस में कीजिए. गाड़ी हटाइए, जाम लग रहा है.’’

मागे हॉर्न सुरू झाले होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझा आवाज फाटला होता, आणि लोक मलाच बघत होते, खड्ड्याकडे नाही. एवढ्यात बाबांनी काच खाली केली. त्यांनी त्या माणसाला हाक मारली, अगदी शांतपणे, कामावरच्या माणसाला मारावी तशी. म्हणाले, कडा चौकोनी कापून घ्या, खालची माती काढा, कोरडं करा, मग गिट्टीचे थर घाला, प्रत्येक थर दाबा, त्यावर डांबर. असं नुसतं भरून राहत नाही.

तो माणूस हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, कंटाळा होता. ‘‘बाबूजी, आपके ज़माने में होता होगा ऐसा.’’

बाबांनी काच वर केली. मग मला म्हणाले, ‘‘वसू, बस गाडीत. चल.’’

थोडं पुढे गेल्यावर, एका कडुलिंबाच्या सावलीत त्यांनी मला थांबायला लावलं. दवाखान्याची वेळ होत आली होती.

‘‘माझ्या जमान्यातही झालं नव्हतं,’’ ते म्हणाले.

मला कळलं नाही.

‘‘हा तुकडा. नाल्यापासून पुढच्या वळणापर्यंतचा. माझ्याकडेच होता. खाली गिट्टीचे तीन थर पडायला हवे होते, ठेकेदाराने दोन टाकले. तेही पातळ. मोजमाप मीच लिहायचो. मी तीन लिहिले आणि सही केली.’’

‘‘का?’’

‘‘साहेब म्हणाले लिहा.’’

‘‘आणि तुम्ही लिहिलं? पैसे घेतले होते?’’

‘‘नाही. पैसे कधी घेतले नाहीत. म्हणून तर इतकी वर्षं स्वतःला चांगला समजत आलो. सही केली नसती तर तिकडे कोपऱ्यातल्या श्योपूरला बदली होती. ऑर्डर टाइप होऊन तयार होती, मला दाखवली. तुझी बारावी होती त्या वर्षी.’’

मी गाडी सुरू केली. दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. लोकांना वाटलं असेल ही वडिलांच्या काळजीत आहे. मला आला होता तो संताप. इतके दिवस मला हवा होता तो माणूस सापडला होता. रस्त्याला चेहरा नव्हता, आता होता, आणि तो माझ्याच घरातला होता. त्याहून वाईट म्हणजे, त्या सहीच्या दुसऱ्या टोकाला मी होते. बारावीला मला गणितात उत्तम मार्क पडले होते. बाबांनी पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा वास, आईने नेसलेली हिरवी साडी, परीक्षेच्या दिवसांत पहाटे बाबांनी माझ्यासाठी करून ठेवलेला चहा, सगळं आठवलं आणि सगळ्यात गिट्टी मिसळलेली वाटली. मी त्यांना म्हटलं होतं का, माझ्यासाठी सही करा? श्योपूरला काय शाळा नव्हती? आणि शाळा नसती तर? नापास झाले असते तर? हजारो माणसं त्या खड्ड्यात आदळली असतील. कुणाची बाळंतीण रिक्षात असेल. कुणी पडलंही असेल, मेलंही असेल. कोण जाणे.

परत येताना जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नाल्याजवळचा पट्टा समोर दिसत होता. मलबा भरून माणसं निघून गेली होती, विटांची एक कड वर आली होती. मी रोज तिथे दुसऱ्या गिअरवर यायची, मग पहिल्यावर, मग जवळजवळ थांबायची. त्या दिवशी मी ब्रेक लावला नाही. पायाला सगळं माहीत होतं, मी पाय हलवला नाही. गाडी कलली आणि आदळली. बाबांनी हँडल धरलं नव्हतं, त्यांचा माझ्यावर भरवसा होता. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो ‘हं’ नव्हता.

नवे शॉकर होते म्हणून कमी लागलं असेल, असं मी नंतर स्वतःला कितीदा समजावलं. त्याचा उपयोग होत नाही. पावसाने, ठेकेदाराने, साहेबाने जे केलं ते केलं. तो एक झटका मी दिला.

घरी येईपर्यंत ते डोळे मिटून होते. मी त्यांना पलंगावर बसवलं, कमरेच्या पट्ट्याचे बंद सोडायला लागले. ‘‘बाबा,’’ मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, माफ केलं असं म्हणाले नाहीत. ते थोडा वेळ दम घेत बसले, मग म्हणाले, ‘‘उद्या येताना चार कोरे कागद आण. अर्ज लिहायचा आहे.’’

अर्ज त्यांनी सांगितला आणि मी लिहिला, शुद्ध सरकारी हिंदीत. ‘उक्त मार्ग’ आणि ‘अधोहस्ताक्षरकर्ता’ आणि ‘सूचनार्थ निवेदन’. कुठून कुठवर, खाली काय आहे आणि काय नाही, मोजमाप कुणी लिहिलं. साहेबाचं नाव त्यांनी घातलं नाही. ‘‘ते गेले. आणि हात माझा होता.’’ चार दिवस लागले, कारण एका वेळी दहा मिनिटांवर बसवत नव्हतं. मी प्रत्येक दिवशी भांडले. कशाला? कोण वाचणार? दादाला फोनवर कळलं तर तो माझ्यावरच उखडला. ‘‘तुला कळतंय का काय करतेयस? पेन्शनचं काही झालं तर? आणि गणपती मंडळातले लोक काय म्हणतील? बाबांचं नाव आहे ग्वाल्हेरात!’’ तो म्हणाला ते मला पटत होतं. गणपतीच्या मांडवात आजवर बाबांना पुढची खुर्ची मिळत आली होती. प्रामाणिक माणूस, असं लोक तोंडावर म्हणायचे. मला ती खुर्ची जायला नको होती. राग असला तरी नको होती.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘वरून कितीही डांबर टाकलं तरी तो भाग बसणारच. खालून उकरून काढायला हवा. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. मी गेलो की कुणालाच माहीत नसेल.’’

मी पुढचा कागद ओढला.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. त्या अर्जाला एक आवक क्रमांक मिळाला. हिवाळ्यात त्या रस्त्यावर वरून नवीन डांबर पडलं, काळंभोर, गुळगुळीत. खाली कुणी उकरलं नाही. पेन्शन चालू राहिली, कारण अर्ज कुणी पुढे पाठवलाच नाही. मंडळातही कुणाला कळलं नाही. सिकाईने दुखणं उतरलं, बाबा दिवाळीत अंगणात खुर्ची टाकून बसले, माघात झोपेतच गेले. यंदाच्या पावसात तो पट्टा जिथल्या तिथे बसला, दोन्ही टोकं अर्जात लिहिली होती तीच. मी दर महिन्याला त्या ऑफिसात जाते. आता तिथले लोक मला बघून फाइल शोधायचं नाटक करतात. मी खुर्चीवर बसून राहते. मला घाई नसते.

पण अर्ज दिला तो दिवस वेगळा होता. शेवटची, पंधरावी सिकाई झाली आणि बाबा म्हणाले, आजच देऊन येऊ. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी त्यांना गाडीतच बसवून वर गेले. सही त्यांनी आदल्या दिवशी केली होती, हात कापत असूनही वळण तेच.

टेबलामागचा बाबू निवृत्तीला आलेला असावा. त्याने न बघता शिक्का उचलला होता. मग पहिली ओळ वाचली, शिक्का खाली ठेवला आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. परत पहिल्या पानावर आला. खोलीत पंख्याचा आवाज होता.

‘‘ये तो अपने ही ख़िलाफ़ लिख दिया है इन्होंने,’’ तो हळूच म्हणाला. मग विचारलं, ‘‘ये साहब… अभी हैं?’’

‘‘हैं,’’ मी म्हटलं. ‘‘नीचे गाड़ी में बैठे हैं.’’

तो उठला आणि बाहेर गॅलरीत गेला. मीही गेले. खाली उन्हात आमची पांढरी गाडी उभी होती, डावं दार उघडं. बाबा गाडीत नव्हते. ते उतरले होते. पट्ट्यावरून शर्ट नीट खोचलेला, काठी टेकलेली, ऑफिसच्या दाराकडे तोंड करून ते ताठ उभे होते, आतून बोलावणं येईल म्हणून. बाबू कठड्याला धरून त्यांच्याकडे बघत राहिला. बोलावलं मात्र नाही. परत येऊन त्याने अर्जावर शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली.

मी जिना उतरून धावतच गेले. म्हटलं, बाबा, कशाला उतरलात, बसा आधी.

‘‘वाचलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘वाचलं. सगळं वाचलं.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘विचारत होते, हे साहेब अजून आहेत का.’’

‘‘मग?’’

‘‘म्हटलं, आहेत.’’